लाल ठिपक्याचा पेला

माझं पोट आता बरं आहे. भेटणारे लोक आधी तेच विचारतात आणि मी तेच उत्तर देतो. मग ते आवाज जरा खाली आणून आईबद्दल विचारतात. हे लिहायला बसलो आहे ते त्या दुसऱ्या प्रश्नामुळे. माझ्यासारखा रुग्ण कोणाच्या घरी आला, तर यातलं एखादं वाक्य त्यांना वेळेवर सापडावं, एवढीच अपेक्षा आहे. आम्हाला ते वेळेवर सांगितलं गेलं होतं. मी ते पुढं सांगितलं नाही.

मी पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. आम्ही कर्वेनगरला राहतो. घरात मी, पत्नी सुजाता आणि माझी आई. मुलगी तन्वी नोकरीसाठी बंगळूरला असते. आईला मी माय म्हणतो. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. माय जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, उभा जन्म तिनं पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढला. वडील गेल्यावर ती आमच्याकडे आली. सोसायटीतल्या बायकांशी पुस्तकातल्यासारखं बोलायची, घरात शिरली की वऱ्हाडी.

आजार सुरू झाला तो दाढेपासून. दंतवैद्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, दाढेचं दुखणं थांबलं. पुढच्या महिन्यात परत ठणकायला लागली. मी पुन्हा दवाखान्यात गेलो नाही. गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात टाकलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दाखवलं आणि म्हणालो, "हेच द्या." त्यानं दिलं. आपण सगळे असंच करतो.

मग जुलाब सुरू झाले. त्या आठवड्यात खडकवासल्याकडे कालव्याची पाहणी होती आणि तिथं संडासाची सोय नसते. म्हणून मी जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेतल्या आणि जीपमध्ये बसलो. जुलाब थांबले. पोट मात्र ढोलासारखं फुगलं, ताप चढला आणि संध्याकाळी सहकाऱ्यांनी मला धरून घरी आणलं. डॉक्टर नंतर म्हणाल्या, "शरीर विष बाहेर टाकत होतं आणि तुम्ही दाराला कडी लावलीत."

*

रुग्णालयात दोघांची खोली मिळाली. शेजारच्या खाटेवर शनिवार पेठेतले एक वयस्कर गृहस्थ होते, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले. माझ्या फेऱ्या ते पेपराच्या कडेवरून मोजत असावेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आपण कुठल्या खात्यात?"

"पाटबंधारे."

"असं. मग कालवा फुटल्याची चौकशी आपल्याच खात्याकडे का?"

मी हसलो आणि हसता हसता मला परत पळावं लागलं. त्या आजारपणात मी हसलो तो तेवढाच.

शौचाच्या तपासणीचा निकाल आला त्या सकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. सुजाता पायाशी उभी होती. जंतूचं नाव त्यांनी सांगितलं, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. मला ते दोनदा विचारावं लागलं.

"आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती असते," त्या म्हणाल्या. "लागोपाठच्या गोळ्यांनी ती वस्ती उठली. रिकाम्या घरांत हा शिरला. हा तिथं नुसता राहत नाही, विष तयार करतो. आतड्याला आतून जखमा होतात त्या या विषानंच."

"कॅन्सर नाही ना?" सुजातानं विचारलं.

"नाही. पण हलक्यात घेऊ नका."

त्या दुपारी मला वेगळ्या खोलीत हलवलं. दारावर सूचना लागली, आत येणारे सगळे पिवळे झगे आणि हातमोजे घालून येऊ लागले. मला नेताना शनिवार पेठेतले गृहस्थ म्हणाले, "बढती झाली म्हणायची. स्वतंत्र केबिन." आणि बोलता बोलता त्यांनी खाटेखालच्या आपल्या सपाता पायानं आत ओढून घेतल्या, माझ्या चपलांपासून दूर. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ते मी पाहिलं आणि मला माय आठवली. का आठवली ते पुढं येईल.

त्या खोलीतले दिवस एकसारखे होते. पोटात पीळ पडायचा, बेल दाबायची, आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा. पन्नाशीच्या माणसाला लंगोट बांधतात तेव्हा तो छताकडे बघतो. एक नर्स होती, सिस्टर म्हणूनच मी तिला ओळखतो. चादर बदलताना ती म्हणाली, "काका, लाज बाहेर चपलांपाशी ठेवायची. जाताना घेऊन जा." मी ती खरंच तिथं ठेवली. तिचे उपकार विसरणार नाही. सुजातानं केलं त्याला उपकार म्हणण्याचीही सोय नाही. ती बँकेतली रजा संपवत होती आणि दिवसेंदिवस गप्प होत होती. मरायची भीती मला वाटली, पण सारखी नाही. सारखी भीती होती ती पुढच्या पिळाची.

नवं औषध लागू पडलं. पोट उतरलं, ताप गेला. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. ते बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"जुलाब पूर्ण थांबेपर्यंत यांचा संडास वेगळा. तो ब्लीचनं धुवायचा, फिनेल चालणार नाही. यांचे कपडे, चादरी हाताळल्या की हात साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवायचे. ते सॅनिटायझरचं जेल याला मारत नाही. बियांना टणक साल असते तसं याचं असतं. साबणानं तो मरत नाही, पण धुवून जातो. घरी वयस्कर कोणी?"

"सासूबाई," सुजाता म्हणाली. "त्यांचाही लघवीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग त्यांना फार जपा. त्या संडासाकडे फिरकू देऊ नका. आणि का, ते त्यांना नीट सांगा."

ताटवाट्यांबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. नेहमीसारखी साबणानं घासली की पुरे होती.

*

सुजाता घाबरलेली होती. घाबरलेलं माणूस सांगितल्यापेक्षा जास्त करतं. लहान खोली आणि तिचा संडास तिनं मला दिला, आणि वर माझं ताट, वाटी, पेलाही वेगळा काढला. घरातले स्टीलचे पेले सगळे एकसारखे, म्हणून माझ्या पेल्यावर तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. कोणाच्या चुकून हाती लागू नये म्हणून तो स्वयंपाकघरात न ठेवता बाल्कनीतल्या स्टुलावर पालथा घातला.

मायनं तो दुसऱ्या दिवशी पाहिला.

इथं मला थांबून एक गोष्ट सांगावी लागेल. मायच्या लहानपणाबद्दल आम्हाला फार थोडं माहीत होतं. ती सांगत नसे. गावात तिच्या वडिलांनी धर्मांतर केलं, घरात बुद्धाची तसबीर आली, मुलगी शाळेत जाऊ लागली. पण गाव तेच होतं. गुरुजींच्या घरी शिकवणीला गेली की तिला चहा मिळायचा, कारण ती हुशार होती आणि गुरुजी भले होते. कप मात्र वेगळा. कान तुटलेला. तो घराबाहेर वळचणीला खोचलेला असायचा, आणि चहा पिऊन झाल्यावर तिनंच तो विसळून परत तिथं खोचायचा. ही गोष्ट तिनं मला उभ्या आयुष्यात एकदा सांगितली होती, एका वाक्यात: "आमचा कप वळचणीले राहे." त्या मुलीनं पुढं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं. आणि तिचा मुलगा धरणाच्या पाण्याचा हिशेब ठेवायला लागला, याचा तिला कोण अभिमान होता.

ती पेला हातात घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली. सुजाता मागून धावत आली.

"हा इथं बाहेर काहून?" मायनं विचारलं.

"आई, तो यांचा आहे. वेगळा ठेवलाय," सुजाता म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"माह्या लेकाचा पेला बाहेर?"

"आई, हे तसलं काही नाही हो. हे जंतूंचं आहे. स्वच्छतेसाठी."

मायनं तिच्याकडे पाहिलं. ती चिडली नव्हती. तिचा आवाज वर्गातल्यासारखा शांत होता. "तेही असंच म्हणत, बाई. जातीचं नाही, स्वच्छतेचं हाये."

सुजाताचा चेहरा उतरला. ती पुण्यातच वाढलेली, तिच्या वाट्याला वळचणीचा कप आला नव्हता, पण आपण कुणाची लेक आहोत हे तिलाही माहीत होतं. ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही सांगा ना त्यांना."

मला सांगता आलं असतं. मी अंथरुणावर बसलेला होतो, शुद्धीत होतो, डॉक्टरांचं सगळं बोलणं डोक्यात होतं. मी म्हणालो, "राहू दे, सुजाता."

माय तिथंच खुर्चीवर बसली. बोलता बोलता तिनं नखानं तो लाल ठिपका खरवडायला घेतला. जरा वेळानं पेला पदरानं पुसला, त्यात पाणी आणलं, अर्धं मला दिलं आणि उरलेलं स्वतः प्यायली. आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. कित्येक दिवसांत माझ्याजवळ कोणी मोज्यांशिवाय आलं नव्हतं.

सुजाता बाहेर गेली.

*

त्या पेल्यातून पाणी प्यायल्यानं काही झालं असेल असं नाही. ते मी नंतर डॉक्टरांना विचारलं. आमची चूक निराळी होती. वेगळ्या पेल्याचा अपमान आम्ही घराबाहेर काढला आणि त्याच्याबरोबर संडासाचा नियमही काढून टाकला. ताट बाहेर ठेवणं आणि संडास वेगळा ठेवणं या दोन गोष्टी आहेत, हे त्या खोलीत फक्त मी शांतपणे सांगू शकलो असतो.

सुजाताची रजा संपली, ती बँकेत जाऊ लागली. दिवसभर घरात माय आणि मी. तिनं माझा सगळा ताबा घेतला. मऊ भात भरवायची, कपाळाला तेल लावायची. जुलाब अजून पुरते थांबले नव्हते. माझे कपडे मशीनमध्ये टाकायला तयार नव्हती, "मशीनीत डाग जात नाही" म्हणून हातानं घासायची. संडास फिनेलनं धुवायची. आणि मग हातांना जेल लावायची. कोरोनाच्या वेळची निळ्या जेलची मोठी बाटली बेसिनशेजारी होती. तिचा त्या बाटलीवर फार विश्वास होता. तेवढी वर्षं त्या बाटलीनंच आम्हाला जिवंत ठेवलं असं ती मानायची.

मला अंथरुणावरून त्या बाटलीचा दांडा दाबल्याचा आवाज यायचा. प्रत्येक वेळी यायचा. नळाचा आवाज यायचा नाही.

"माय, साबण लाव." एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. मला शिवल्यावर हात धू, असं त्या बाईला कसं सांगायचं, असं मी मनाशी म्हणायचो. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की मला ते दिवस संपायला नको होते. मी पुन्हा लहान झालो होतो आणि माझी आई माझं सगळं करत होती. एकदा म्हटलं, आता हिला सांगू या. तेवढ्यात ती खोलीत आली, तिचा हात कपाळावर आला, आणि मी डोळे मिटून घेतले.

मी सुधारत गेलो. ती बारीक होत गेली. मी बरा होत असल्यानं ते माझ्या लक्षात आलं नाही.

तिनं लपवलं होतं. एके सकाळी सुजाताला बाल्कनीत धुतलेलं लुगडं दिसलं, पहाटेच कधीतरी घासून टाकलेलं. तिनं विचारलं तर माय म्हणाली, "म्हातारं पोट हाये. होते कधी कधी." दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या दाराशी ती खाली बसली आणि उठली नाही. हात लावला तर अंग तापलं होतं.

का लपवलं, हे तिला कोणी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ते कळत होतं. तिला तिचा पेला बाहेर गेलेला पाहायचा नव्हता.

*

तेच रुग्णालय, त्याच डॉक्टर, तसलीच खोली. दारावर तीच सूचना. या वेळी झगा आणि मोजे घालून मी बाहेरून आत जात होतो.

पहिले दोन दिवस ती बोलत होती. डॉक्टर आल्या तेव्हा तिनं पुस्तकी मराठीत विचारलं, "मला नक्की काय झालं आहे, ते सांगाल का? मी शिक्षिका होते. मला समजेल."

डॉक्टरांनी तिला वस्तीचं सांगितलं, विषाचं सांगितलं, टणक सालीचं सांगितलं. जेल चालत नाही, साबण आणि पाणी चालतं, हेही सांगितलं. माय लक्ष देऊन ऐकत होती. तिनं एकच शंका विचारली, "म्हणजे तो मरत नाही, धुवून जातो?"

"बरोबर."

"मग हे सोपं आहे," माय म्हणाली.

डॉक्टर गेल्या. माय माझ्याकडे वळली. मग घरच्या भाषेत म्हणाली, "तुले हे माहीत होतं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मंग मले सांगतलं काहून नाही? पोरायले हात धुवाले शिकवन्यात माहा जल्म गेला."

तिच्या लहानपणाच्या जखमेला मी इतका जपत होतो की ती शहाणी बाई आहे हेच विसरलो. गावानं तिला दूर ठेवलं ते तिला काही न सांगता. मी तिला जवळ ठेवलं, तेही काही न सांगताच.

नंतर आतडं फुगलं. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन या वयात झेपणार नाही. लघवी कमी होत गेली, बोलणं तुटक झालं. तन्वी बंगळूरहून आली, आजीच्या पायांशी बसून राहिली. बाहेरच्या बाकावर ती मला म्हणाली, "बाबा, आजीला एक्सप्लेन केलं असतं तर तिनं अख्ख्या सोसायटीला हात धुवायला लावले असते." ती रागानं म्हणाली नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

शेवटच्या दुपारी मी मायचा हात हातात घेऊन बसलो होतो. माझ्या हातात मोजे होते. तिनं डोळे उघडले आणि त्या मोज्यांकडे पाहिलं. मला वाटलं, काढून टाकावेत. तिला तेवढं तरी द्यावं. मी कडेला बोट घातलं, तर तिनं नको म्हणून मान हलवली.

"राहू दे," ती म्हणाली. माझेच शब्द. पण तिनं ते बरोबर जागी वापरले.

मग तिनं दोन्ही हात सावकाश पोटावर आणले आणि तळहात तळहातावर चोळला. मला आधी कळलं नाही, वाटलं थंडी वाजतेय. मग तिनं हाताची मागची बाजू चोळली. मग बोटांच्या मधली जागा. मग एका हाताची नखं दुसऱ्या तळहातावर. मध्येच थकून थांबली, परत सुरू केलं. पहिलीच्या वर्गात ती असंच करून दाखवायची आणि सगळी पोरं बाकावर बसून हवेत हात धुवायची. त्या वर्गात एक वर्ष मीही होतो.

"घरी गेल्यावर," ती म्हणाली.

मी मोज्यातल्या हातांनी तिच्याबरोबर करत राहिलो. तिचे हात थांबले तरी मी काही वेळ करत होतो.

*

डॉक्टरांना मी नंतर जाऊन भेटलो. हे माझ्याकडूनच तिला गेलं ना, एवढंच विचारायचं होतं. त्या म्हणाल्या, "खात्रीनं सांगता येणार नाही. त्यांचाही कोर्स झाला होता, जंतू आधीच त्यांच्या पोटात असू शकतो." त्या भल्या आहेत. त्यांनी दार उघडं ठेवलं. मी त्यातून बाहेर पडलेलो नाही.

सुजाता आणि मी बरेच दिवस कामापुरतं बोलत होतो. एका रविवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी कारण न सांगता पेला बाहेर ठेवला. तुम्ही कारण माहीत असून गप्प बसलात. आता दोघांनी मिळून किती वर्षं हेच निवडत बसायचं?" मी तिच्यासमोर बसलो आणि मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे ओढली. क्षमा म्हणतात ती अजून आमच्या घरात आलेली नाही, पण तेव्हापासून आम्ही एकत्र जेवतो.

तुमच्या घरी असा रुग्ण येणार असेल, तर संडास वेगळा ठेवा, ब्लीच आणा, बेसिनवर साबण ठेवा. जुनं पाकीट दाखवून गोळ्या आणू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून सगळं सांगा. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. वाईट वाटलं तर वाटू दे, त्याच्या शेजारी बसा आणि पुन्हा सांगा. पेला मात्र बाहेर ठेवू नका. त्याची गरज नसते.

आमचे पेले फडताळात एका रांगेत पालथे असतात. मायनं तो ठिपका पुरता खरवडून काढला होता, लाल रंगाचा कणही उरलेला नाही. त्यातला माझा कोणता, हे शोधायचा मी खूप प्रयत्न केला. उजेडात धरून पाहिले, कडेवरून बोट फिरवून पाहिलं. सगळे सारखे आहेत. रोज सकाळी मी आधी साबणानं हात धुतो, तळहात, मागची बाजू, बोटांच्या मधली जागा, नखं. मग हाताला येईल तो पेला घेतो आणि पाणी पितो.